घरी धावते, प्रदर्शनात अडते: मॉड्यूलर रेल्वे लेआउटमधल्या या चुका टाळा

मॉड्यूल म्हणजे खेळण्यातल्या छोट्या रेल्वेच्या मोठ्या मांडणीचा एक सुटा तुकडा; जो तो आपापला घरी बनवतो आणि प्रदर्शनात ते एकमेकांना जोडतात. त्याचा मधला भाग तुमचा. तिथे डोंगर करा, स्टेशन उभारा, हवं तेवढं गवत चिकटवा. दोन्ही टोकं मात्र क्लबची, आणि गाडी अडते ती बहुतेक वेळा तिथेच. घरी एकटं मॉड्यूल चालवून बघितलं की आपण निर्धास्त होतो; खरं तर ते दुसऱ्याच्या मॉड्यूलला जोडून बघेपर्यंत काहीच कळलेलं नसतं.

एचओ मापात (१:८७) दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, एनमध्ये (१:१६०) अवघं ९. एवढ्याशा जागेत अर्ध्या मिलिमीटरची पायरीसुद्धा चाक उडवते. म्हणून वळण काठापर्यंत नेऊ नका; शेवटी थोडा रूळ सरळ आणि काठाशी काटकोनात ठेवा. नुसत्या प्लास्टिकच्या स्लीपरवर विसंबू नका. एकदा मॉड्यूल उचलताना माझ्या बाहीचं बटण रुळाच्या टोकात अडकलं आणि रूळ सरळ उखडून वर आला. तेव्हापासून शेवटचे दोन-तीन स्लीपर मी तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्टीचे करतो आणि रूळ त्यांना सोल्डर करतो. पट्टीवरचा थर मधोमध खरवडून तोडायचा, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट. (हे मी दोनदा विसरलोय.)

मॉड्यूल एकमेकांना जुळावीत म्हणून ठरलेले फ्री-मो आणि एनट्रॅक असे मानक आहेत; जमिनीपासून रुळाची नेहमीची उंची फ्री-मोत ५० इंच, एनट्रॅकमध्ये ४०. तो आकडा घरच्या फरशीवर जुळवून पाय पक्के ठोकले की हॉलमध्ये पंचाईत होते, कारण तिथली जमीन क्वचितच सपाट असते. पायाला खाली-वर होणारे बोल्ट हवेतच. सुरुवात जमीन जिथे सर्वात उंच असेल तिथून करा. बोल्ट सगळे आत असताना पाय लांबवता येतो, आखूड करता येत नाही.

वायरिंगमध्ये घोळ होतो तो अदलाबदलीचा. मॉड्यूल उलटं करून खालून वायर जोडताना पुढचा रूळ कुठला आणि मागचा कुठला, हे डोकं हमखास उलटं सांगतं. फळीच्या खालच्या बाजूला मार्करने ‘पुढे’ लिहून ठेवा. फिशप्लेटमधून (दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीतून) वीज जाईलच असं धरून चालू नका, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर द्या. सगळं जोडून झालं की बूस्टरपासून (रुळांना वीज देणाऱ्या यंत्रापासून) सर्वात लांबच्या टोकाला दोन्ही रुळांवर आडवं नाणं टेकवा. बूस्टरने तत्काळ वीज तोडली पाहिजे. नाही तोडली तर मुख्य वायर बारीक आहे किंवा एखादा कनेक्टर सैल आहे. ५ अँपिअरचा करंट शॉर्टमधून वाहत राहिला तर डब्याखालची चाकांची चौकट वितळू शकते, त्यामुळे ही चाचणी टाळून गाडी सोडू नका.

डबे घसरायला लागले की जो तो शेजारच्या मॉड्यूलकडे बोट दाखवतो. आधी एवढं बघा: एकच डबा जागोजागी घसरतोय का? मग दोष डब्याचा. गेजने (मोजपट्टीने) चाकांमधलं अंतर मोजा. वेगवेगळे डबे एकाच जागी घसरतात? मग रूळ. एकच डबा एकाच जागी घसरत असेल तर दोन्ही तपासा, कारण तिथे सहसा दोन्हीकडे थोडंथोडं चुकलेलं असतं.

वाद घालण्याआधी रूळ पुसा. तासाभरात काळपट थर बसतो आणि इंजिन अडखळतं; आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरतं. सॅंडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी लवकर साठतो.

आवरताना, दोन मॉड्यूलच्या जोडावर सुटे रूळ बसवले असतील तर आधी ते काढा, मग कनेक्टर, क्लॅम्प सर्वात शेवटी. घाईत क्लॅम्प आधी सोडला की मॉड्यूल एकीकडे जातं आणि वायर दुसरीकडे. तेव्हा एक हात फळीखाली असू द्या.