कास्पियनच्या वाटणीवर लिहिताय? या चुका टाळा

कास्पियन समुद्र आणि त्याखालचं तेल-वायू काठच्या पाच देशांत कसं वाटायचं, या वादावरची स्पर्धा परीक्षांची उत्तरं तपासताना माझी लाल शाई सगळ्यात जास्त एकाच वाक्यावर संपते: ‘२०१८ च्या अक्ताऊ करारानं वाद मिटला.’

मिटला नाही. १२ ऑगस्ट २०१८ ला कझाकस्तानातल्या अक्ताऊ शहरात रशिया, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, अझरबैजान आणि इराण यांनी सह्या केल्या. किनाऱ्यापासून १५ सागरी मैल प्रादेशिक पाणी, पुढे १० मैल मासेमारीचा पट्टा, बाहेरच्या फौजांना बंदी, एवढं ठरलं. पण सगळं भांडण ज्या तेल-वायूपायी, तो ज्यात आहे तो समुद्राचा तळ? कलम ८ नं तो शेजाऱ्यांनी आपसात करायच्या करारांवर ढकलला. वर इराणनं मंजुरी रखडवली ती वेगळीच.

एका सराव मुलाखतीत एका हुशार मुलानं हेच वाक्य छातीठोकपणे फेकलं. समोरून शांतपणे प्रश्न आला, ‘‘मग अलोव कुणाचं?’’ पोरगा गप्प. आदल्या रात्री एकपानी नोट्स वाचून आलेला, दुसरं काय होणार! अलोव हे दक्षिणेतलं तेलक्षेत्र, इराणच्या लेखी अल्बोर्झ. जुलै २००१ मध्ये तिथं बीपी या ब्रिटिश तेलकंपनीसाठी पाहणी करणाऱ्या अझरबैजानी जहाजाला इराणी युद्धनौकेनं हुसकावलं आणि काम थांबलं. अक्ताऊनंतरही त्या जागेचा मालक ठरलेला नाही.

मी कोरा नकाशा आणि पेन्सिल घेऊनच बसतो. रशिया-कझाकस्तान १९९८, कझाकस्तान-अझरबैजान २००१, रशिया-अझरबैजान २००२: जिथं करार झाला तिथंच रेघ. या रेघा तळाच्या, पाण्याच्या नव्हेत. इराणसमोरचा भाग कोराच राहतो, आणि तो कोरा दिसला की नोट्सपेक्षा जास्त कळतं.

‘सोव्हिएत काळी निम्मा समुद्र इराणचा होता’ असंही सर्रास लिहितात. १९२१ आणि १९४० चे करार नौकानयन आणि मासेमारीबद्दल बोलतात. तळाची हद्द त्यांत नाही.

इराणचा २० टक्क्यांचा आग्रह हा दावा आहे, हक्क म्हणून लिहू नका. मध्यरेषेनं, म्हणजे समोरासमोरच्या किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरच्या रेघेनं, त्याच्या वाट्याला साधारण १३ टक्केच येतात.

संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार डोळे मिटून लावू नका. पाचांपैकी सगळे त्यात नाहीत; रशिया आणि अझरबैजान आहेत, इराण नाही.

आणि ‘हद्द ठरल्याशिवाय तेल निघणार नाही’ हे तर खोडूनच टाका. जानेवारी २०२१ मध्ये अझरबैजान आणि तुर्कमेनिस्ताननं ज्या क्षेत्रावरून वर्षानुवर्षं भांडण केलं, त्यालाच ‘दोस्तलुक’ (मैत्री) नाव देऊन एकत्र शोध घ्यायचं ठरवलं.