कोल्हापुरात घराला फोल्डिंग काचेचा दरवाजा: खर्च कसा काढावा आणि काम कसं करून घ्यावं

फॅब्रिकेटरकडे, म्हणजे दार बनवून बसवणाऱ्याकडे, चौकशी केली की एकच आकडा हातात पडतो: चौरस फुटाला इतके रुपये. त्याला मापानं गुणून घरी बजेट ठरतं, आणि काम संपेपर्यंत ते दीडपटीच्या पुढे गेलेलं असतं. यात फसवणूक असतेच असं नाही. त्या दरात फक्त दार येतं. भिंतीची फोड, वरचा बीम, उंबरा, झड अडवणारा छज्जा, डासांची जाळी हे सगळं त्याच्या बाहेर राहतं. आणि कोल्हापूरसारख्या गावात, जिथं जून ते सप्टेंबर पाऊस आडवा मारतो, दार वर्षानुवर्षं नीट सरकणार की दुसऱ्या पावसाळ्यात अडकणार हे नेमकं याच बाहेरच्या गोष्टींवर ठरतं. म्हणून खर्च काढायची सुरुवात दारापासून करू नका.

आधी पावसाची बाजू बघा

होकायंत्र लागत नाही, मोबाइलमध्येही दिशा कळते. दार बसायची भिंत पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर मॉन्सूनचा वारा आणि पाऊस थेट काचेवर येणार. एप्रिल-मेचा वळीव तर कुठूनही झोडपतो. ताराबाई पार्कातल्या जुन्या बंगल्यांना खोल पडवी असते, तिथं दार आत सुरक्षित राहतं. कळंबा, पाचगाव, आर. के. नगरकडच्या नव्या रो-हाऊसमध्ये मात्र गच्चीवर किंवा मागच्या अंगणात दार उघड्यावरच येतं. अशा जागी निदान अडीच-तीन फूट बाहेर आलेला छज्जा हवाच. तो नसेल तर त्याचा खर्च दाराच्या खर्चात आत्ताच धरा. नंतर बघू म्हणून सोडलेला छज्जा सहसा पहिल्या पावसानंतर, फरशीला डाग पडल्यावरच होतो.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात तुमच्या तळमजल्यात पाणी आलं होतं का, हाही प्रश्न इथंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पातळी त्याच्या बरीच वर गेली की शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, रमणमळा, सुतारवाडा या भागांत पाणी शिरतं हे सगळ्यांना माहीत आहे. पुराचं पाणी ओसरताना खालच्या ट्रॅकमध्ये आणि कुलपाच्या यंत्रणेत गाळ सोडून जातं. अशा घरात तळमजल्यावर फोल्डिंग दार बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्या मजल्यावर खुशाल बसवा.

फोल्डिंगच हवं का, हे मापावरून ठरवा

१२ फूट रुंद उघाडी घ्या. थ्री-ट्रॅक स्लायडिंग, म्हणजे तीन रुळांवर सरकणारे तीन पल्ले, लावलं तर एका वेळी जास्तीत जास्त ८ फूट मोकळं होतं, कारण एक पल्ला जागा अडवूनच बसतो. फोल्डिंगमध्ये पल्ले एकमेकांवर दुमडून कडेला जातात. त्यांच्या थप्पीला साधारण एक फूट लागतो, म्हणजे ११ फूट मोकळे मिळतात. जादा पैसा या ३ फुटांसाठी मोजायचा असतो. घरी पाहुण्यांचा राबता असेल, गच्चीवर कार्यक्रम होत असतील, तर तो सार्थकी लागतो. रोज एकच पल्ला सरकवून कपडे वाळत घालायला जायचं असेल तर स्लायडिंग पुरतं. ६ फुटांपेक्षा लहान उघाडीला तर फोल्डिंगचा विचारच सोडा.

ढोबळ दर असे धरा: साधं पावडर कोटिंगचं थ्री-ट्रॅक स्लायडिंग चौरस फुटाला ४५० ते ९०० रुपये, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) फोल्डिंग ९०० ते १५००, अॅल्युमिनियम फोल्डिंग १२०० ते २५००. नामांकित सिस्टीमचं अॅल्युमिनियम, भारी हार्डवेअर आणि दुहेरी काच घेतली तर ३००० च्याही वर. एकाच प्रकारात इतकी तफावत सेक्शनच्या, म्हणजे चौकटीच्या पट्टीच्या, जाडीमुळे आणि रोलरच्या दर्जामुळे पडते. काचेमुळे पडणारा फरक त्यामानाने कमी.

भिंत आणि बीम: इथं काटकसर नको

जुन्या घरात ४ फुटांची खिडकी असते आणि तिथं १२ फूट उघाडी हवी असते. मधली भिंत भार घेणारी आहे की नुसती भरलेली, हे गवंड्यानं हाताच्या ठोक्यावरून सांगायची गोष्ट नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा. त्याची फी एकूण खर्चात किरकोळ असते. आरसीसी फ्रेमच्या इमारतीत कॉलमच्या मधली वीट-भिंत बहुधा काढता येते. पेठांमधल्या जुन्या, भिंतींवर उभ्या असलेल्या घरात मात्र वरचा सगळा मजला त्याच भिंतीवर बसलेला असू शकतो. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या, आणि बाहेरची भिंत बदलताना महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या.

नवा बीम ओतला तर टेके लगेच काढू देऊ नका. आयएस ४५६ या मानकानुसार ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेके साध्या सिमेंटला किमान १४ दिवस ठेवायचे असतात. १२ फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडं वर, तेव्हा हा नियम तुम्हालाही लागू आहे. घाई असेल तर लोखंडी गर्डर टाकता येतो. त्याला ओतकामासारखं थांबावं लागत नाही, पण त्याचा दर इंजिनिअरनं काढून दिलेल्या आकारमानावर ठरतो.

बीमचा एवढा आग्रह यासाठी की टॉप-हंग प्रकारात दाराचं सगळं वजन त्याच्यावरच लटकतं. काच दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. ३ फूट बाय ८ फूट पल्ल्याला ८ मिलिमीटर काच घेतली तर एकट्या काचेचं वजन सुमारे ४५ किलो, चार पल्ल्यांचं १८० किलोच्या आसपास. वर अॅल्युमिनियम वेगळं. बीम तीन-चार मिलिमीटर वाकला तरी पल्ले खाली घासायला लागतात. मग फॅब्रिकेटर गवंड्याला आणि गवंडी फॅब्रिकेटरला बोल लावतो, दार मात्र अडकलेलंच.

पल्ले किती आणि कुठं उघडायचे

१२ फुटांत ४ पल्ले सोयीचे. पण चारही एकाच बाजूला दुमडणारे घेतले तर नुसतं बाहेर जायलाही जोडीनं पल्ले हलवावे लागतात. त्यापेक्षा ३ एका बाजूला आणि १ दुसऱ्या बाजूला अशी मांडणी घ्या. तो सुटा पल्ला रोजच्या दारासारखा उघडतो, बाकीचे तीन हवे तेव्हा.

बाहेर उघडणारं दार पावसाला चांगलं, कारण वारा पल्ल्याला रबरी गॅस्केटवर दाबून धरतो. मात्र दुमडलेले पल्ले ३ फूट बाहेर येतात. बाल्कनीच ४ फुटांची असेल तर त्या कोपऱ्यात जेमतेम एक फूट उरतो. आत उघडणारं घेतलं तर सोफा आणि पडद्यांची जागा आताच ठरवा.

काच कोणती

टफन काचच घ्या. ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर बोथट दाणे होतात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक उमटलेला असतो, तो बसवण्यापूर्वी डोळ्यांनी बघा. टफन झालेली काच कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप चुकलं की काच वाया.

चोरीची धास्ती असेल तर लॅमिनेटेड काच विचारात घ्या. तिच्या दोन थरांमध्ये चिकट पडदा असतो, फुटली तरी तुकडे जागीच धरून राहतात. पश्चिमेच्या उन्हासाठी अनेक जण दुहेरी काचेवर भरपूर पैसे घालतात. ती रस्त्याचा आवाज आणि एसीचा गारवा जाणं कमी करते, पण साधी, कोटिंग नसलेली दुहेरी काच दुपारचं थेट ऊन फारसं अडवत नाही. त्यासाठी सोलर कंट्रोल कोटिंगची काच लागते, नाहीतर तो छज्जा, जो पाऊसही अडवतो. पैसा मर्यादित असेल तर मी छज्ज्याला आधी हात घालीन.

रोलर, ट्रॅक आणि उंबरा

रोलरवर किती किलो क्षमता आहे ते लेखी घ्या. पल्ला चौकटीसह ५५-६० किलो होत असेल तर ८० ते १०० किलो पेलणारा रोलर हवा. ट्रॅक आणि बिजागऱ्या गंजरोधक असाव्यात. कुलूप वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी धरणारं घ्या.

फरशीशी सपाट बसलेला ट्रॅक कॅटलॉगमध्ये देखणा दिसतो. उघड्यावरच्या दाराला तो कोल्हापुरात घेऊ नये, कारण झड आली की पाण्याला अडवायला तिथं काहीच नसतं. खाली ग्रॅनाइटचा किंवा कडाप्प्याचा उंबरा घ्या, बाहेरची फरशी आतल्यापेक्षा इंच-दोन इंच खाली ठेवा आणि तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या. घरात वयस्कर माणसं असतील, अडखळण्याची भीती असेल, तर उंबऱ्याची आतली कड उतरती करून घ्या, किंवा सपाट ट्रॅक ठेवून त्याच्या बाहेर जाळीचं पन्हाळं काढा. खालच्या चौकटीत पाणी निघायची भोकं आहेत ना, तेही बघा. सिलिकॉन भरताना कारागीर ती हमखास बुजवतात.

आता हिशेब मांडा

पाचगावातल्या रो-हाऊसची कल्पना करा. उघाडी १२ बाय ८, म्हणजे ९६ चौरस फूट. खालचे दर समजण्यासाठी धरलेत, तुमचे आकडे घालून हीच मांडणी करा.

अॅल्युमिनियम फोल्डिंग, ८ मिलिमीटर टफन काच, १६०० रुपये दरानं: १,५३,६०० रुपये
त्यावर १८ टक्के जीएसटी: २७,६४८
भिंत फोडणं, टेके, बीम, गिलावा, राबिट उचलणं: ३५,०००
ग्रॅनाइटचा उंबरा, १२ रनिंग फूट, ३५० नं: ४,२००
प्लीटेड जाळी, ९६ चौरस फूट, १८० नं: १७,२८०
छज्जा, ४२ चौरस फूट, ३०० नं: १२,६००
फरशीची जोड आणि रंगाची डागडुजी: ८,०००

एकूण २,५८,३२८ रुपये. तोंडी सांगितलेला दर १६००, प्रत्यक्षात पडला सुमारे २७००. उघाडी आधीच असेल आणि वर पक्का बीम असेल तर ३५,००० वाचतात. जाळी मात्र वगळू नका. फोल्डिंग दाराला साधी बिजागरीची जाळी बसत नाही, घडीची प्लीटेडच लागते, आणि पावसाळ्यात डासांमुळे दार बंदच ठेवायचं तर एवढा खर्च कशासाठी?

याच जागी ७०० रुपये दराचं थ्री-ट्रॅक स्लायडिंग जीएसटीसह ७९,२९६ रुपयांना होतं. दाराच्या किमतीतच लाखाच्या वर फरक पडतो. घरातल्या सगळ्यांसमोर हे दोन्ही आकडे ठेवा आणि मगच निर्णय घ्या.

कोटेशन घेताना

तीन जणांकडून घ्या, पण एकच कागद देऊन: माप, पल्ल्यांची मांडणी, काचेचा प्रकार आणि जाडी, सेक्शनची जाडी मिलिमीटरमध्ये, रोलरची क्षमता, कुलपाचा प्रकार. नाहीतर तीन वेगळ्या दारांचे तीन दर येतात आणि तुलना होत नाही. जीएसटी, वाहतूक, तिसऱ्या मजल्यावर काच चढवणं, सिलिकॉन हे आत की बाहेर, ते लिहून घ्या. फॅब्रिकेटरचं आधी बसवलेलं, किमान दोन पावसाळे पाहिलेलं एक दार प्रत्यक्ष जाऊन बघा आणि स्वतःच्या हातानं उघडा. एका हातानं सहज दुमडलं पाहिजे.

पैसे टप्प्यानं द्या. निम्मे आगाऊ, ४० टक्के माल घरी आल्यावर, १० टक्के पाण्याची चाचणी झाल्यावर. हे सुरुवातीलाच बोलून कागदावर आणलं की नंतर वाद होत नाही.

माप, बसवणं आणि चाचणी

अंतिम माप फरशी आणि गिलावा पूर्ण झाल्यावरच घ्यायचं. रुंदी खाली, मध्ये, वर. उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. दोन्ही कर्णही मोजायचे, ते जुळले नाहीत तर उघाडी गुण्यात (काटकोनात) नाही. सगळ्यांत लहान माप धरून चौकट बनते आणि फट फोम-सिलिकॉननं भरली जाते. चौकट ओळंब्यात आणि लेव्हलमध्ये बसली आहे हे काचा चढण्याआधी तपासा, नंतर फार उशीर होतो.

काम दिवाळीनंतर काढलं तर बीम, फरशी आणि दार वळवाच्या आत उरकतं. दार बसलं की बागेच्या पाइपनं बाहेरून पंधरा मिनिटं पाणी मारा, आधी खालच्या ट्रॅकवर, मग सांध्यांवर, शेवटी वर. आत एकानं कोरडं फडकं घेऊन प्रत्येक कोपरा पुसत उभं राहायचं. फडकं जिथं ओलं होईल तिथं खडूनं खूण करा आणि त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

पुढची देखभाल स्वस्त आहे. दर वर्षी मृग लागण्याआधी ट्रॅक झाडून काढा, पाण्याची भोकं तारेनं मोकळी करा, रोलरवर सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ धरते. फॅब्रिकेटरकडून सेक्शनचं नाव, रोलरचा मॉडेल क्रमांक आणि काचेची मापं लिहून घेऊन बिलासोबत ठेवा, आणि जमलं तर रोलरचा एक जादा संच त्याच वेळी घ्या. आठ-दहा वर्षांनी ते मॉडेल बाजारात मिळेलच असं नाही.