‘गेट’ (get) हे इंग्रजी क्रियापद कसं वापरावं? नजर पुढच्या शब्दावर ठेवा

शब्दकोशात ‘गेट’चे पानभर अर्थ निघतात आणि आपली पोरं ते पाठ करत बसतात. पाठ करू नका. ‘गेट’च्या पुढे काय आलं ते पाहा, अर्थ तिथेच सापडतो. (उच्चार तोकडा करा, फाटकाचं ‘गेट’ लांबवतात.)

पहिले पाहा, पुढे वस्तू आहे का? असली तर मिळणं, आणणं किंवा विकत घेणं. ‘आय गॉट द मनी’ म्हणजे पैसे मिळाले, ‘गेट सम वॉटर’ म्हणजे पाणी आण.

विशेषण आलं तर अर्थ ‘होणं’. इथे घाई करू नका. ‘द कॉटन वॉज वेट’ म्हणजे कापूस ओला होता, बस. ‘द कॉटन गॉट वेट’ म्हणजे वावरातून निघाला तेव्हा कोरडा होता, वाटेत पावसानं ओला झाला. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस घेत नाहीत. तिथे कास्तकाराला नेमकं हेच सांगायचं असतं. बदल सांगायचा तर ‘गॉट’.

ठिकाण आलं तर पोचणं, आणि मध्ये ‘टू’ हवा: ‘आय गॉट टू हिंगणघाट अ‍ॅट नाइन’. पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’च्या आधी ‘टू’ नको. एसटीत चढलो तर ‘गॉट ऑन’, उतरलो तर ‘गॉट ऑफ’. कारसाठी मात्र ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’.

आता सगळ्यांत कामाचा वापर: दुसऱ्याकडून काम करून घेणं. ‘आय गॉट द पंप रिपेअर्ड’, म्हणजे मी मोटार दुरुस्त करून घेतली. आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट रिपेअर्ड द पंप’ चुकीचं. माणसाचं नाव घ्यायचं असेल तर क्रियापदाआधी ‘टू’ लावा: ‘आय गॉट माय ब्रदर टू रिपेअर द पंप’. ही रचना दोन-चार दिवस घरच्याच कामांवर घोळवा: मळणी करून घेतली, सातबारा काढून घेतला.

भूतकाळ ‘गॉट’. तिसरं रूपही ‘गॉट’च, अमेरिकेत बहुतेकदा ‘गॉटन’ म्हणतात, त्यामुळे व्हिडिओत ऐकलं तर गोंधळू नका. बँकेला इंग्रजीत अर्ज लिहिताना मात्र ‘गॉट’ऐवजी ‘रिसीव्ह्ड’ लिहा. ‘गेट’ बोलण्यात शोभतो, अर्जात जरा सैल वाटतो.