बॉईलचा नियम घरी कसा पडताळावा?

तापमान तेच राहिले, तर बंदिस्त वायूचा दाब आणि त्याचे आकारमान एकमेकांच्या व्यस्त प्रमाणात बदलतात, म्हणजेच दोहोंचा गुणाकार कायम राहतो, असे रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी वाकवलेल्या काचनळीत पारा ओतला होता. पारा विषारी असल्याने आपण २० मिलिलिटरची, सुई काढलेली सिरिंज घ्यावी.

प्रथम दट्ट्या २० च्या खुणेपर्यंत ओढावा, मगच सिरिंजचे टोक एम-सीलने बुजवून ते पूर्ण कडक होऊ द्यावे. दट्ट्या दाबून सोडल्यावर तो मूळ खुणेजवळ परतला नाही, तर हवा गळत आहे असे समजावे.

सिरिंज लाकडी ठोकळ्याच्या भोकात घट्ट उभी करावी आणि दट्ट्यावर हलकी ताटली चिकटवावी. आता ताटलीत एकेक किलोचे वजन वाढवत न्यावे. दाबली गेलेली हवा किंचित तापते, म्हणून प्रत्येक वेळी मिनिटभर थांबूनच आकारमान वाचावे. नळी हाताने धरू नये. रबर काचकूच करतेच, त्यामुळे दट्ट्या एकदा थोडा खाली दाबून सोडल्यावर आणि एकदा थोडा वर उचलून सोडल्यावर अशी दोन वाचने घेऊन त्यांची सरासरी मांडावी.

बहुतेकांचे गणित यापुढे फसते. वजन एकाचे दोन किलो केले म्हणून आकारमान निम्मे होत नाही, कारण ताटली रिकामी असतानाही दट्ट्यावर वातावरण दाबत असते: समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १.०३ किलो. नळीचा आतला व्यास २ सेंटिमीटर असेल, तर हा भार जवळपास ३.२ किलो भरतो. तो मिळवल्यास १, २ आणि ३ किलोला आकारमान अनुक्रमे १५.२, १२.३ आणि १०.३ मिलिलिटरच्या आसपास यायला हवे.

शेवटी आलेख काढावा: आडव्या अक्षावर ताटलीतले वजन, उभ्या अक्षावर एक भागिले आकारमान. बिंदू साधारण एका सरळ रेषेत येतात. ती रेषा मागे वाढवली की आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जिथे छेदते, तो आकडा म्हणजे दट्ट्यावरील हवेचा भार. मुंबईत तो सुमारे ३.२ किलो येईल, तर साडेपाचशे मीटरांवरच्या पुण्यात ३ किलोच्या जवळ.