डाव्या हाताच्या ऑपरेशनची तयारी (आधी अंगठी काढा)

उजव्या मनगटाचं कार्पल टनलचं (मनगटात नस दबून बोटांना मुंग्या येतात, त्याचं) ऑपरेशन झालं, आता डाव्याची तारीख मिळालीये. मागच्या वेळचा घोळ परत नको म्हणून लिहून ठेवतेय. तुमचंही ठरलं असेल तर वाचा.

पहिलं काम, आजच: अंगठी काढा. ऑपरेशनच्या सकाळी नाही, आदल्या रात्री नाही, पंधरा दिवस आधी.

फाइल, आधार, विम्याचं कार्ड हे सांगायला नको. एनसीव्हीचा, म्हणजे नसेचा वेग मोजायच्या तपासणीचा, रिपोर्ट मात्र आठवणीने घ्या. ती तपासणी व्हायची असेल तर त्या दिवशी हाताला तेल-क्रीम नको, आणि डिसेंबरच्या थंडीत गार हाताने टेबलावर झोपू नका. हात गार असला की नस उगाच मंद दिसते. शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या, मुंग्यांमागे दोन्ही असू शकतात, आणि शुगर वाढलेली असली तर जखम रेंगाळते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून तर नाहीच. उपाशी यायचं की नाही तेही विचारून घ्या. मी न विचारता उपाशी गेले होते, आणि तेही वाया गेलं.

कारण अंगठी. बावीस वर्षं बोटातच होती, त्यामुळे ती आहे हेच डोक्यात नव्हतं. मे महिना, नवतपा, त्यात आम्हा मुंग्यावाल्यांची बोटं सकाळी अशीही जड असतात. सिस्टर म्हणाल्या, काढा. साबण झाला, खोबरेल झालं, दोरा गुंडाळून झाला. बोट जांभळं पडलं, अंगठी तशीच. पुढची तारीख आठ दिवसांनी. त्याच दुपारी नागपूरच्या इतवारीत सराफाकडे गेलो. त्याने बोट आणि सोन्याच्या मध्ये पत्र्याची बारीक पट्टी सरकवली, छोटं गोल पातं हाताने फिरवलं, आणि दोन मिनिटांत अंगठीचं तोंड उघडलं. आतली कातडी पांढरीफटक, कच्च्या बटाट्यासारखी.

हा हट्ट काहून, तर ऑपरेशननंतर बोटं काही दिवस सुजतात आणि अंगठी फासासारखी आवळते, पुढे रक्त जायची पंचाईत. शिवाय रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात, तिथे अंगावर धातू नको असतो. पाटल्या, बांगड्या, मनगटातला गंडा, सगळं त्यातच आलं. सासूबाई म्हणाल्या, हात मोकळा कसा ठेवायचा? दुसऱ्या हातात चार जास्त भरल्या, विषय संपला. मेंदी लावू नका, नेलपॉलिश पुसा. आणि अंगठी काढली का? आत्ता बघा.

घरची तयारी एका हाताच्या हिशोबाने करा. चहा-साखरेच्या डब्यांची झाकणं सैल करून ठेवा. ब्लाउजचे हुक एका हाताने लागत नाहीत आणि तंग बाहीतून बँडेज जात नाही, म्हणून समोरून उघडणारा ढगळ गाऊन. सलवारीला नाडी नको, इलॅस्टिक. फोनमध्ये दुसऱ्या हाताच्या बोटाचा ठसा आधीच टाका, नाहीतर औषधाच्या दुकानात पैसे द्यायला उभे राहाल तशाच. कणीक कोण मळणार तेही आत्ताच ठरवा.

त्या दिवशी कोणता हात ते स्वतः सांगा, खूण करून घ्या. मनगटाजवळ बधिर करायची सुई टोचते, दंडावर पट्टा आवळतात तो जास्त छळतो. नसेवरचा जाड पडदा कापून तिला जागा करून देतात, साधारण पंधरा-वीस मिनिटं. सोबत कोणी हवंच, गाडी चालवत परत यायचं नाही.

नंतरचं थोडक्यात. हात छातीच्या वर, झोपताना खाली दोन उशा. बोटं हलवत राहा. पट्टी कोरडी, कूलरसमोर बसा म्हणजे घाम कमी. बोटं निळी पडली किंवा दुखणं वाढतच गेलं तर लगेच फोन. टाके दहा ते चौदा दिवसांनी. सिलिंडर, बादली, कुकर महिनाभर तरी दुसऱ्याने उचलायचं. रात्रीच्या मुंग्या माझ्या लवकर गेल्या, तळहात मात्र दाबला की तीन महिने दुखायचा. अंगठी जोडून आणलीये, डबीत आहे, डाव्याचे टाके निघून सूज उतरेपर्यंत तिथेच राहील.