सूतगिरणीच्या मस्टरवरून आजारी रजेचा हिशोब : बाया किती, माणसं किती

"बायाच जास्त आजारी पडतात," हे वाक्य टाइम ऑफिसात वर्षाअखेरीस हमखास ऐकू येतं. मस्टर वरवर चाळलं तर तसंच दिसतं.

आधी माणशी सरासरी काढा. समजा, १२ बायांच्या मिळून ६० रजा आणि ४० पुरुषांच्या १६०. म्हणजे बाईमागे ५ दिवस, पुरुषामागे ४. आता त्या ६० मधले ३० दिवस एकाच बाईच्या गरोदरपणातल्या आजाराचे निघाले, तर उरतात अडीच. पारडं फिरलं!

म्हणून बाळंतपणाचा रकाना वेगळाच ठेवा. ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) बाळंतपणाला २६ आठवडे (आधीची दोन मुलं असतील तर १२), गर्भपाताला ६ आठवडे आणि त्यातून उद्भवलेल्या आजाराला आणखी एक महिना मिळतो. नसबंदीला पुरुषाला ७ दिवस, बाईला १४, पूर्ण पगारानं. नसबंदीचा रकानाही जवळपास बायांचाच भरतो, कारण ऑपरेशन त्यांच्याच वाट्याला येतं.

खरी गफलत एक-दोन दिवसांच्या रजेत होते. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे ईएसआय देत नाही (पंधरा दिवसांत पुन्हा आजारी पडलं तर ही कात्री लागत नाही). पुढे सरासरी मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, तेही सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर. मग दोन दिवसांसाठी दवाखान्याचा कागद आणतो कोण? मस्टरवर नुसती 'गैरहजर' पडते. अशा नोंदीपुढे त्याच आठवड्यात विचारून 'स्वतः' की 'घरचं कोणी' एवढं लिहा. लेकराला ताप आला की रजा आईच्याच नावावर पडते, आणि कागदावर आजारी तीच.

पुरुषांची रजा महिन्यावार मांडा. जून-जुलैत पेरणीचा 'ताप' येतो, तो सगळ्यांना ठाऊक असतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरातली मळमळ, गरगर, डोळ्यांची आग मात्र हसण्यावारी नेऊ नका. तेव्हा कपाशीवर फवारणी चालू असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात त्या विषबाधेनं माणसं दगावली. रजेचं कारण 'ताप' न लिहिता 'फवारणी' लिहा, आणि डॉक्टरलाही औषधाचं नाव सांगायला लावा, डबा सोबत नेला तर उत्तमच.

निव्वळ हंगामी जिनिंगला (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याला) ईएसआय लागू नाही. तिथं ईएसआय दवाखान्याचा कागद मिळायचाच नाही, मजुरांच्या हजेरीवरूनच मोजावं लागेल.