परिचारिकांचे भावनिक बळ आणि कामातील उत्साह : या चुका टाळा

जिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही ती परिचारिका खंबीर, असा समज अनेक रुग्णालयांत रुजलेला आहे आणि पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडताना, भावना नुसती चेहऱ्यावर आणणे आणि ती मनातून जागवण्याचा प्रयत्न करणे, यांत फरक केला. आत एक आणि बाहेर दुसरे असे पाळी संपेपर्यंत निभावणे माणसाला आतून थकवते. म्हणून एखाद्या रुग्णाच्या मृत्यूनंतर इनचार्ज सिस्टरने लगेच पुढच्या खाटेकडे बोट दाखवू नये. संबंधित परिचारिकेला थोडा वेळ बाजूला बसू द्यावे आणि पाळी बदलताना होणाऱ्या हँडओव्हरच्या वेळी त्या मृत्यूविषयी दोन वाक्ये बोलू द्यावीत. यासाठी पैसा लागत नाही, तरीही हे क्वचितच घडते, याचे वाईट वाटते.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. जी कधीच नाही म्हणत नाही, सलग दुसरी ड्यूटीही करते, तिला कामात सर्वाधिक रमलेली मानले जाते आणि बदलीची नाईटही तिच्याच वाट्याला येते. मानसशास्त्रज्ञ विल्मार शॉफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कामात मन गुंतण्याची जी व्याख्या केली, तिच्यात उत्साह, समर्पण आणि तल्लीनता हे तीन घटक आहेत. कामाचे तास त्यांत नाहीत. त्यामुळे हजेरीपट पाहण्याऐवजी निरीक्षण करावे: पूर्वी रुग्णाच्या नातेवाइकांना औषधे समजावून सांगणारी सिस्टर आता केवळ कागद हातात देते का, रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने ओळखू लागली आहे का? हा तुटलेपणा उद्धटपणा समजून तिला नातेवाइकांसमोर झापणे, ही तर सर्वांत घातक चूक होय. बोलायचे असेल तर एकांतात बोलावे, आणि आधी तिच्या गेल्या महिन्यातील नाईट व बुडालेले ऑफ पाहावेत.

मनोबलावर एक दिवसाची कार्यशाळा घेऊन मनुष्यबळाचा प्रश्न तसाच ठेवणे, हेही टाळावे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळत असेल, तर श्वसनाचे व्यायाम तिला कितीसे पुरणार? जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला, म्हणजे कामाने पार थकून जाण्याला, आजार न म्हणता, कामाच्या नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी व्यावसायिक स्थिती म्हटले आहे. समुपदेशन अवश्य द्यावे, पण ते ड्यूटीच्या वेळेत आणि गोपनीय असावे. सुट्टीच्या दिवशी बोलावलेल्या समुपदेशनाला कोणी मनापासून येत नाही, आणि आपले बोलणे मेट्रनपर्यंत, म्हणजे मुख्य परिचारिकेपर्यंत, पोहोचेल अशी शंका असेल तर कोणी खरे बोलतही नाही.